लाईट बघण्यापुरतं

ठाणे,
२ जून

ती. बुधाकाकांस,
वर्षाचा नमस्कार.

काकूचे गुडघे कसे आहेत? राबात नागलीचं बी टाकलंत का? फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र लिहितेय.

केयूर सरांच्या स्टुडिओत माझा दिवस स्टँड उचलण्यात आणि वायरी गुंडाळण्यात जातो. कुणी आलं की सर ओळख करून देतात, ही मोखाड्याकडची, बोहाड्याचा, देवाच्या मुखवट्यांच्या नाचाचा, तो फोटो आठवतो ना, त्याच गावची. मग लोक माझ्याकडे नीट बघतात, नंबर घेतात. एका बाईंनी लग्नाच्या कामाला बोलावलंय, तेही कॅमेरा हातात देऊन. खोडाळ्याच्या बाजारात पासपोर्ट फोटो काढणाऱ्या मुलीला आणखी काय हवं? तरी त्या बाईंना अजून हो कळवलेलं नाही.

शेजारच्या मुकेशचा फोन आला होता. तो फोटो पाड्यावर सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलाय म्हणे, खाली तुमचं नाव. उपास नाही, पूजा नाही, संबळ नाही, आणि भर उन्हात बांधावर नरसिंहाचा मुखवटा चढवला म्हणून पंच चिडलेत. आजोबांपासून नरसिंहाचं सोंग नाचवायचा मान आपल्या घरचा, ते सोंग पुढच्या बोहाड्याला दुसऱ्या घरी द्यायचं म्हणतात. आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

का नाही बोललात, काका? तुम्ही तर तिथे नव्हताच. सर फोटोसाठी पाड्यावर आले, मी त्यांच्या मदतीला होते. मुखवटा चढवून उभे राहा म्हणून त्यांनी तुम्हाला किती विनवलं, तर "देव कवाही उभा नाय राहत, पोरी," एवढं मला बोलून तुम्ही शेताकडे गेलात.

मुखवटा रंग वाळायला ओट्यावर ठेवला होता. सर म्हणाले, निदान लाईट तरी बघू, तू उभी राहा. या धंद्यात मदतनीसच उभा राहतो. मी तुमचं घोंगडं पांघरलं, घरामागच्या बांधावर जाऊन मुखवटा चढवला. लाईट बघण्यापुरतंच होतं ते. सरांनी बटण दाबलं आणि बघतच राहिले. त्याच संध्याकाळी मला ठाण्याला ये म्हणाले. मुखवट्यात मुलगी होती हे कळलं तर फोटोतला जीव जाईल, असं म्हणून त्यांनी तुमचं नाव टाकलं. मी मान डोलावली.

मुखवट्याच्या गालावर माझा अंगठा उमटला होता. तुम्ही तो पुन्हा रंगवलात आणि माझ्या हाताकडे एकदाच बघितलंत. तो राग होता की माया, मला अजून कळत नाही. मी देवाची अपराधी की तुमची, तेही कळत नाही. मुखवट्याच्या आत मला भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं, हे कुणाला सांगू? माझा पहिला नावाजलेला फोटो, आणि मी कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला.

खरं सांगितलं तर हे काम जाईल. गप्प बसले तर तुमचं सोंग जाईल. सकाळी एक ठरवते, दुपारी दुसरं.

सोबत न कापलेला फोटो आहे. सरांनी खालचा भाग काढून टाकला होता. त्यात घोंगड्याखाली माझी निळी चप्पल दिसते, तुम्ही तार घालून दिलेली तीच. देव डोक्यावर घेतला आणि चप्पल काढायचीही राहिली, काका. पंचांना दाखवा. नको, दाखवू नका. नाही, दाखवाच.

तुम्ही दाखवणार नाही, मला माहीत आहे. म्हणून हे लिहिता लिहिताच, पंचांना दाखव म्हणून, तो मुकेशला मोबाइलवर पाठवला. त्याने बघितलाही. आता उठून सरांना सांगते.

घरी आले तर ओट्यावर घ्याल ना?

त्या मुखवट्यात होती ती,
वर्षा