मैना काकींच्या अपघाताबाबत मी दिलेला खोटा जबाब

प्रति,
मा. अपघात भरपाई अधिकारी,
तालुका कामगार कार्यालय,
खालापूर, जि. रायगड.

विषय : खोटा जबाब परत घेणे व सुनावणीतील माझी बसण्याची जागा बदलणे.

संदर्भ : दि. ३ ऑक्टोबर २०२५ चा अपघात, माझा दि. ६ ऑक्टोबरचा जबाब, सुनावणी दि. २५ मार्च २०२६.

महोदय,

मी, विपुल चांगो ठोंबरे, साजगाव येथील एका पोह्याच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहे. सदर अपघातात श्रीमती मैना गजा ठोंबरे यांच्या उजव्या हाताचा अंगठा व तीन बोटे रोलरमध्ये गेली. त्या माझ्या चुलत काकी असून आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे. त्यांना कामावर मीच लावले होते.

१) खंडेनवमीला यंत्रांची पूजा माझ्याकडे असते. रोलरला हळदकुंकू लावण्यासाठी मी पुढची लोखंडी जाळी काढली. झेंडूचा हार अडकवायला खुंटी नव्हती, म्हणून तो यंत्र बंद करण्याच्या लाल बटणावर अडकवला. पूजेचा हार आमच्याकडे हाताने उतरवत नाहीत, आपोआप गळेपर्यंत राहू देतात. हार जाळीच्या जागेवरच लोंबत होता, जाळी बसवायची तर तो काढावा लागला असता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या मालाची घाई होती, त्यामुळे जाळी भिंतीला टेकवून ठेवून मी यंत्र सुरू करायला सांगितले.

२) काकींचा हात ओढला गेला तेव्हा बटणापाशी मीच होतो. फुलांतून बटण चाचपण्यात किती वेळ गेला हे मला सांगता येणार नाही. काकी किंचाळल्या नाहीत. "विपुल, बंद कर रं," एवढेच दोनदा म्हणाल्या. म्हणजे दोनदा म्हणण्याइतका वेळ नक्की गेला.

३) जबाबात मी लिहिले की, मनाई असताना सदर महिलेने स्वतः जाळी काढून हात घातला. मला कोणीही धमकावले नव्हते. मालक "काय झालं ते नीट लिही" एवढेच म्हणाले होते. नीट म्हणजे काय, हे मी माझ्या मनाने ठरवले. नोकरीची भीती वाटली. त्याची मला लाज वाटते.

४) ४ मार्चला सुरक्षा दिनी, प्रसंगावधान राखून यंत्र बंद केल्याबद्दल माझा सत्कार झाला. मी नाही म्हटले नाही. फोटोत मी हसतो आहे. नंतर सत्कारात मिळालेले काचेच्या चौकटीतले प्रशस्तिपत्र कारखान्याच्या कचेरीत परत नेऊन दिले, तर काच तडकली म्हणून आणले असावे असे समजून त्यांनी नवी काच घालून ते घरी पोचते केले. ते सोबत जोडले आहे. कृपया ठेवून घ्यावे.

५) भरपाईचा अर्ज भरायला काकी माझ्याकडेच आल्या, कारण घरात अक्षर माझे चांगले. 'अपघात कसा घडला' या रकान्यात, दोन्ही कागद जुळावेत म्हणून, मी त्यांच्या नावाने 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असे लिहिले. वाचून दाखवू का, असेही वर विचारले. त्या म्हणाल्या, "तू लिवलंस ना रं, मंग बरोबरच आसंल." साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांना आता करता येत नाही, आणि उजवा अंगठाही नाही. त्यांनी डावा उठवला. शाईची डबी मी धरली होती.

सबब विनंती की, तो रकाना माझा समजावा व त्यावरून काकींची भरपाई नाकारू नये. माझ्यावर होईल ती कारवाई व्हावी. जबाब परत घेण्याचा छापील नमुना नसल्याचे आपल्या कार्यालयात समजले, म्हणून साध्या कागदावर लिहीत आहे.

भिंतीपलीकडे राहूनही साडेपाच महिन्यांत हे मी काकींना सांगू शकलेलो नाही. तरी २५ तारखेला मला त्यांच्यासमोर उभे करून हा अर्ज माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा. सोबतचा घरचा माणूस म्हणून त्यांनी माझे नाव दिले आहे. वाचून होईपर्यंत मला त्यांच्या शेजारी बसवू नये. परक्या ठिकाणी त्या हल्ली माझा हात धरून बसतात.

आपला नम्र व लज्जित,
विपुल चांगो ठोंबरे
साजगाव, दि. १७ मार्च २०२६