मागच्या सीटवरचं छत

शुक्रवार, १७ मे

काल छत पडलं! म्हणजे गाडीचं आतलं कापड. महिनाभर फुगून लोंबतच होतं, मी टाचण्या टोचून दिवस काढत होते. काल जालन्याहून परत येताना वाटूर फाट्याच्या पुढे एक खड्डा लागला आणि मागचं अख्खं कापड यांच्या तोंडावर आलं. हे मागच्या सीटवर लोडाला टेकून आडवे असतात. डाव्या हातानं ढकलत होते, ओरडत होते. मला आरशात काहीच दिसेना — नुसता करड्या कापडाचा फुगा. गाडी कडेला घेऊन मागचं दार उघडलं तर चेहरा पिवळ्या भुशानं माखलेला. कापडाखालचा फोम सडून भुसा झालाय. मिशीत, पापण्यांवर, उजव्या बाहीवर, नखांत — सगळीकडे.

घरी उतरल्यावर एकच शब्द बोलले. "न्हाई." म्हणजे या गाडीत आता बसणार नाही.

दुसऱ्या गाडीत तर त्याहून नाही. आकांक्षानं पुण्याहून एकदा भाड्याची गाडी पाठवली होती, ती दारातून परत गेली. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अनोळखी माणूस, अनोळखी वास यांना चालत नाही. लेकीला कसं सांगायचं ते? तिला वाटतं आईच हट्टी.

आणि गुरुवारी जालन्याच्या दवाखान्यात तपासणी आहे. शेवटची. यांचे व्यायाम घेणाऱ्या प्रीतीमॅडमनी काल मला बाजूला घेतलं. "काकू, काकांच्या उजव्या हातात थोडी जरी पकड दिसली तरी पुढच्या उपचारांसाठी त्यांना दाखल करून घेता येईल. नाही दिसली तर ती जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल." मुलगी चांगली आहे. सांगताना तिचंच तोंड उतरलं होतं.

दिवाळीपासून तो हात हललेला नाही. मांडीवर ठेवला की मांडीवर. लाल रबरी चेंडू दाबायला देतात, तर हे त्याच्याकडे असं बघतात की जणू कुणी खुळखुळा दिलाय!

तरी गुरुवारी पोचायचंच. आधी छत.


शनिवार, १८ मे

जालन्यात गॅरेजला फोन केला. "चार दिवस गाडी सोडा, लग्नसराई आहे." इथे परतूरचा सीटकव्हरवाला देवानंद स्वतःच सासुरवाडीच्या लग्नाला गेलाय. त्याच्या बायकोनं दुकान उघडून फोम लावलेलं कापड दिलं, पिवळ्या गोंदाचा डबा दिला. कोण बसवणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. तिनं मला एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि डब्यासोबत एक ब्रश फुकट दिला.

मोबाईलवर दुपारभर बघितलं. छताचा पुठ्ठा गाडीतून सोडवायचा, जुना फोम खरवडायचा, गोंद लावायचा, नवं कापड मधून कडेला बसवत न्यायचं. शाळेत सिस्टर लुसिला भरतकामाला कापड चौकटीत ताणायला शिकवायच्या, त्यातलंच. "Coax it, girls, never pull." चुचकारत न्यायचं, ओढायचं नाही. बोटांवर पट्टी बसायची ती ओढल्याबद्दलच. किती वर्षांनी आठवल्या! त्यांच्या अंगाला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा.

कापड यांना दाखवलं. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट, मधे कापड, एकदाच घासलं. "पॉलिस्टर." तोंड फिरवलं.

यांचा उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. व्यापारी यांच्या बोटांकडे बघत उभे राहायचे. मला बघायला आले तेव्हासुद्धा मान खाली, आणि बाबांच्या गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस ओढणं चाललेलं. आई आत येऊन म्हणाली, मुलगा लाजाळू आहे. कसला लाजाळू! लग्नानंतर कबूल केलं — गादीत जुना कापूस भरला होता, तो बघत होतो.


रविवार, १९ मे

शालूताई आल्या आष्टीहून. यांची धाकटी बहीण. पिशवी खाली ठेवायच्या आत मी त्यांना गाडीत बसवलं.

"मी दादाला बघायला आल्ते, वहिनी. अन् तुम्ही मला मिस्तरी करून राह्यल्या."

पण हात लावला त्यांनी. ऊन रोखायच्या झडपा, दिवा, धरायच्या मुठी, कडेच्या पट्ट्या, सगळं काढलं. स्क्रू मी स्टीलच्या डब्यांत ठेवले, एकेका डब्यावर नाव. शालूताई म्हणाल्या, नाव घालायचे लोणच्याचे डबेच राहिले आता.

मागची पट्टी काढली आणि आतून रंगीत ज्वारी गळाली. गुलाबी, पिवळी. अक्षता! गल्लीतल्या किती पोरी या गाडीतून सासरी गेल्या. आपली आकांक्षाही. हे स्वतः चालवायचे, हार घातलेल्या गाडीतून, अगदी हळू. मी दाणे पदरात घेऊन तशीच बसले. शालूताईंनी चार दाणे उचलून कपाळाला लावले. मग म्हणाल्या, "बसा आता रडत. पुठ्ठा मी एकटीच काढते."

पुढच्या सीटा पाडून, वाकवून, पुढच्या दारातून काढला. एवढा मोठा पुठ्ठा आणि आम्ही दोघी, दोघींचेही गुडघे दुखणारे! एका ठिकाणी कट्‌ असा आवाज आला तेव्हा माझा जीव गेला. पण मोडला नाही.

मागच्या काचेजवळ, जिथं छत उतरत जातं, तिथला फोम मुळापासून गेलेला. बाकी ठिकाणी भुसा तरी आहे, तिथं तळहाताएवढी साफ जागा. शालूताईंचं ठाम मत — उंदीर. मला दातांची खूण कुठे दिसली नाही. पण उंदीर नाही तर काय? पिंजरा लावलाय गाडीत.


सोमवार, २० मे

मी काय करून बसले हे!

भुसा कोरड्या ब्रशनं निघेना, चिकटलेला. मग नळी लावली आणि धुतला. साबण घालून, घासून. शाळेत फरशीचा एक डाग राहिला तर सगळी रांग परत घासायला लावायचे. मागच्या बाजूला जास्त पाणी मारलं, तिथे उंदीर फिरला असणार म्हणून. लख्ख झाला. उचलायला गेले तर पुठ्ठा हातात भाकरीच्या पिठासारखा लोंबायला लागला.

"वहिनी, गाडीचं छत काय गोधडी हाय का धुवायला?"

उन्हात टाकला तर वाकडा होईल, सावलीत वाळेल कधी? आज सोमवार. शेवटी शालूताईंनीच ओसरीत गाद्या गुंडाळून छताच्या आकाराचा उंचवटा केला, त्यावर पुठ्ठा पालथा घातला, कडांवर गहू भरलेल्या पिशव्या ठेवल्या. वर पंखा. आम्ही दोघी आळीपाळीनं त्याला हात लावून बघतो, ताप आलेल्या लेकरासारखं.

हे खुर्चीतून बघत होते. उजवा हात मांडीवर. मी जवळ गेले आणि म्हटलं, गुरुवारी जायचंय हं. डोळे मिटून घेतले.

मला भीती छताची नाहीच. यांनी मनातून सोडून दिलं असेल तर?


मंगळवार, २१ मे

पुठ्ठा कडेला वाळला. मागची बाजू अजून दमट. पिंजरा रिकामा, भाकरीचा तुकडा तसाच. आकांक्षाचा फोन — आई, कशाला हे सगळं, आता या वयात. मी म्हटलं, रेंज नीट नाही ग, नंतर बोलू.


बुधवार, २२ मे

उजाडताच सुरू केलं. ऊन वाढलं की गोंद हातातच सुकतो. आकार धरला होता पुठ्ठ्यानं! एका बाजूला जरा पोक, पण बसेल. पुठ्ठ्याला गोंद, कापडाला गोंद, मग बोट लावून बघायचं, चिकटता कामा नये. मग टेकवायचं. एकदाच. चुकलं की कापड गेलं.

शालूताईंनी अर्धं कापड दुमडून छातीशी धरलं होतं. मी मधून सुरुवात केली, तळहातानं बाहेर, बाहेर. ओढायचं नाही. शालूताईंना शिंक आली तेव्हा दोघींनी श्वास रोखला. त्यांनी ती शिंक कशी गिळली कोण जाणे! शेवटचा कोपरा झाला तेव्हा माझी साडी पाठीला चिकटलेली आणि हात कोपरापर्यंत पिवळे.

एकच ठिकाण नीट बसलं नाही. मागच्या काचेजवळची कड. दमट होतं तिथं. दाबून धरलं, वरवंटा ठेवला, सोडलं की चिमूटभर कड सुटतेच. परत करायला कापडही नाही, वेळही नाही.

दुपारी गाडीत चढवलं. पट्ट्या, मुठी, दिवा. डब्यात दोन स्क्रू उरले. शालूताई म्हणाल्या, ते माझ्याकडून गाडीला बक्षीस. संध्याकाळच्या गाडीनं त्या आष्टीला गेल्या, सूनबाई एकटी आहे म्हणून. जाताना यांच्या पायाशी बसल्या. "दादा, उद्या जायचं बरं का. वहिनीनं लई हाल काढले."

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरसा पुसला. लग्नानंतर जिनिंगच्या मैदानात, कापसाच्या ढिगांमधून यांनी मला गाडी शिकवली. सारखं एकच — आरशात बघत जा. मी पुढं बघायचे आणि हे वैतागायचे. आता आरशात मागची सीट पूर्ण दिसते. महिन्यानंतर.


गुरुवार, २३ मे, सकाळ

बसले! आधी दाराशी थांबले. वर बघितलं. बराच वेळ. मग मान हलवली आणि मी लोड सरकवला. डोकं डावीकडे, उजवा हात सीटच्या पाठीला लागून, म्हणजे घसरत नाही. निघतो.


गुरुवार, दुपार

वहीची पानं पंख्यानं उडतायत. लिहिते तरी. लिहिल्याशिवाय खरं वाटणार नाही.

तपासणी अकराला झाली. चेंडू हातात ठेवला. "दाबा काका." चेंडू गडगडत टेबलाखाली गेला. परत ठेवला, परत गेला. हे खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरीच व्यायाम चालू ठेवा, म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं. शाळेची सवय, कशालाही थँक्यू.

परत निघालो. मला वाटत होतं, छत बसवलं पण काय उपयोग झाला? वाटूर फाट्यावर ट्रकांची रांग अडकली होती. गाडी थांबवली. आणि मागून बारीक आवाज आला — चर्र... चर्र...

आरशात बघितलं.

डावा हात डोक्याखाली होता. उजवा हात सीटच्या पाठीवरून वर चढला होता. अंगठा आणि पहिलं बोट. सुटलेल्या कडेतून फोमची चिमूट काढली, बोटांत धरली, हळूच ओढून बघितली, टाकली. परत हात वर. नजर बाहेर, ट्रककडे. स्वतःलाही पत्ता नाही. उंदीर सापडला!

मी "अहो" म्हटलं नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा गाडी वळवली आणि परत जालन्याला आणली.

इथं येऊन चेंडू नको म्हटलं, कापूस द्या. मॅडमना कळेना, पण त्यांनी दिला. आत आहेत आता दोघं. मी बाहेर बाकावर.

शालूताईंचा फोन आला. पहिलाच प्रश्न, छत टिकलं का.

नाही, म्हटलं. यांनी काढलं. उजव्या हातानं.