वरच्या वाडीचा वाडगा

२७ फेब्रुवारी
पोचलो एकदाचे. टेंपोवाला वाटभर घाट मोजत होता आणि मी माणसं. घाट जिंकले. इथले लोक म्हणतात, आमच्या तालुक्यावर इस्त्री फिरवली तर अख्ख्या देशापेक्षा मोठा भरेल. त्यावर राहायला माणसं कुठून आणणार, ते मात्र कोणी सांगत नाही. गावातला सगळ्यांत तरुण माणूस म्हणजे गावप्रमुख मेंग, आणि त्यांचेही दात बसवलेले.

शाळेतली शिपायाची नोकरी मला मिळाली ती माझ्या लेकीमुळे, सोदाममुळे. पहिलीला एकही मूल नव्हतं, शाळेला टाळं लागणार होतं. संध्याकाळी मेंगनी कर्ण्यावरून सगळ्या गावाला सांगितलं की आपल्याकडे मूल आलंय, गाड्या जपून चालवा. गाडी म्हणजे त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर. सोदाम पोट धरून हसली. इंचन शहरात तिची आई वारल्यापासून ती अशी हसली नव्हती. इथे सगळं ठीक होईल असं वाटतंय.

२८ फेब्रुवारी
नवं बिऱ्हाड आलं की घरोघर तांदळाची उकडलेली वडी द्यायची. वर लाल चवळीचा थर हवा, पण चवळी दिसली की सोदाम तोंड फिरवते. म्हणून गिरणीत पांढरीच करून घेतली. प्रत्येक वडीच्या मधोमध सोदामने बोटाने खळगी पाडली. ही म्हणे तिची सही.

म्हाताऱ्या दुपारी सभाघरात एकत्र जेवतात, तिथे आधी नेली. त्यांच्यातल्या एकीचं माहेर हासान, म्हणून सगळे तिला हासानवाली म्हणतात. तिने वडी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, अरे सोदामच्या बापा, लेकीच्या लाडापायी चवळीच गाळलीस? ती काय चवीला घालतात होय? लाल रंगाला भुतं भितात, हे माझी आईही सांगायची. मी हसण्यावारी नेलं.

एक वाडगा उरला. ओढ्याच्या वर धूर दिसत होता, म्हणून आम्ही दोघं चढून गेलो. चार घरं, झाडलेली अंगणं, पण हाकेला कोणी ओ दिली नाही. सोदामने ओरडून सांगितलं की आम्ही नवीन आहोत आणि मी यंदा पहिलीत. वाडगा पायरीवर ठेवून आलो.

३ मार्च
शाळा सुरू झाली. एक मूल, एक बाई, एक शिपाई. घंटा मीच दिली.

सकाळी वाडगा दारात होता. लख्ख घासलेला, आत वाळवलेली अळंबी. भांडं रिकामं परत करू नये, एवढी रीत वरच्यांना आहे तर. दुपारी सभाघरात हे कौतुकाने सांगितलं. हासानवालीने चमचा खाली ठेवला.

वर कोणी राहत नाही म्हणे. मोठ्या वादळाच्या साली डोंगर खाली आला आणि वाडी पोटात घेऊन बसला. ती सांगत होती ते साल माझ्या जन्माच्याही आधीचं. कोणी सापडलं नाही. धूर दिसतो, पण वर कोणी बघत नाही. मी म्हटलं, मग वडी कोणी खाल्ली? ती म्हणाली, ते मला नको विचारूस. ज्याला वडी दिली तो शेजारी. आता शेजाऱ्याला नाही कसा म्हणणार आहेस? अळंबी घेतलीस ना? मग वाडग्यात लाल चवळी भर आणि ओढ्यापाशीच ठेवून ये. पुढे पाय टाकू नकोस.

अळंबीचं सार आम्ही कालवून खाल्लं होतं.

७ मार्च
चवळी ठेवून आलो होतो. वाडगा परत आला. तीच चवळी, पण दाणा न् दाणा सोललेला. पांढराशुभ्र.

सोदामला सांगितलं नाही. तिनेच विचारलं की वरच्या शाळेतल्या बाई माझं नाव का घेतात. कोण बाई? हजेरी घेतात त्या, म्हणाली.

१० मार्च
तांदूळ भरून ठेवले होते. त्या बदल्यात रबरी बूट आले, लहान मुलीचे. सोदामने मी बघायच्या आत घातले. चपखल बसले. मी ओरबाडून काढले तेव्हा ती रडली.

मेंगकडे गेलो. म्हटलं, ट्रॅक्टरने खिंडीपलीकडे सोडा, नोकरी गेली खड्ड्यात. ते म्हणाले, रात्रीपासून बर्फ पडतंय, खिंड बंद आहे. बोलताना नजर जमिनीवर. तरी आम्ही पायी निघालो. कमरेएवढ्या बर्फातून परत फिरलो.

हासानवाली दारात उभी होती. मी तिला विचारलं, त्यांना हवंय तरी काय. तिने आधी सोदामला आत पिटाळलं. मग म्हणाली, वर शाळा होती. बाई होत्या. त्या सालीही पहिलीला मूल नव्हतं.

१२ मार्च
वाडगा रिकामाच ठेवून आलो. मुद्दाम. घ्या म्हटलं, संपला शेजार. हे गावात कळलं तेव्हा कोणी माझ्याशी बोललं नाही. म्हाताऱ्यांनी सोदामला जवळ घेतलं, एकेकीने, निरोप देतात तसं.

सोदामचा दात पडला. मॅगपाय पक्षी जुना दात नेतो आणि नवा देतो म्हणे, म्हणून तिने तो छपरावर फेकला.

१३ मार्च
दात वाडग्यात होता. घासलेला.

वाडगा दगडावर आपटून फोडला.

१४ मार्च
अख्खा. दारात.

ती झोपेत "हजर" म्हणते.

तिला माझ्या पट्ट्याला बांधून घेतलंय. शाळा बंद, दार बंद, चूल इथेच. मी झोपणार नाही. बाहेर शाळेची घंटा वाजते आहे. घंटेची दोरी माझ्या खिशात —

१५ मार्च
सकाळी पट्टा होता. गाठ तशीच. आत कोणी नव्हतं.

बर्फात पावलं. लहान, रबरी बुटांची. ओढ्यापर्यंत. पलीकडे नाहीत. वर गेलो. घरं नाहीत, अंगणं नाहीत, नुसता डोंगर. नखं गेली उकरून. सोदाम, सोदाम —

मेंगनी कर्णा लावला नाही. गावात कोणी दार उघडलं नाही.

१६ मार्च
वर धूर आहे.

दारात वाडगा. गरम. वाफ निघते आहे. तांदळाची वडी, पांढरी, चवळी नाही. नव्या बिऱ्हाडाची.

मधोमध बोटाची खळगी.

खाल्ली. तिच्या हातची आहे, कशी नाही खाणार.

आता भांडं रिकामं आहे. रिकामं परत करू नये. घरात दुसरं काही उरलं नाही, फक्त मी —