श्रावणातली दाढी

आबा, नातीनं काल मोबाइलवर तुमचा फोटो दाखवला. साठच्या दशकात मुंबईतली इंग्रजी संगीत साप्ताहिकं नशिल्या तंद्रीतलं, सायकेडेलिक संगीत वाजवतो म्हणवणाऱ्या बँडना कशी डोक्यावर घेत, यावर कुणीतरी लांबलचक लेख लिहिलाय. त्यात तुम्ही आहात. भगवी छाटी, अंगभर राख आणि पायाशी फुलाफुलांचे शर्ट घातलेली मुंबईतली चार झिपरी पोरं. नात म्हणाली, "पणजोबा कसले भारी दिसतायत." महाडच्या या फ्लॅटमध्ये बसून मी हे वहीत लिहितेय, कारण तिच्यापुढे तोंड उघडलं असतं तर बरं निघालं नसतं.

ती झोपाळ्यावर बसून वाचून दाखवत होती आणि माझी तळपायाची आग मस्तकात जात होती. लेखक कौतुकानं सांगतो, की रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच तिची स्तुती छापून व्हायची, चाहत्यांची पत्रं कचेरीतच लिहिली जायची. त्यातल्याच एका साप्ताहिकाच्या छापखान्यात तुम्ही कंपोझिटर होता, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. श्रावण पाळायचा म्हणून आपल्याकडचे पुरुष दाढी ठेवतात, तशी तुम्हीही ठेवली होतीत. संपादकाला ती दिसली आणि त्याला फुकटात गुरू सापडला. ही पोरं सह्याद्रीच्या गुहेत सात वर्षं या योग्याकडे सूर शिकली, हा मजकूर तुम्ही स्वतःच्या हातांनी जुळवलात. अर्थ कळत नव्हता असं सांगू नका. कामापुरतं इंग्रजी तुम्हाला येत होतं.

गणपतीला रजा मिळाली नाही, म्हणून एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पोलादपूरला गाठोडं पाठवलंत. आईला लुगडं, मला झगा आणि वर घडी घालून तुमच्या फोटोचं ते पान. चिठ्ठी नाही. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द जुळवत होतात, घरच्यांसाठी दोन ओळी लिहायला हात दुखले का?

तिथून ते गावी, कुडपणला आलं; आपल्या ओटीवर ते पान या हातातून त्या हातात फिरलं आणि शेवटी मोठ्या काकूनं निकाल दिला, "संन्यास घेतलान त्यानं. घराला मेला तो. हिनं यंदा ओवसा नाय भरायचा." गौरीपुढे वाडीतल्या सवाष्णी सौभाग्यासाठी सूप भरून ओवसत होत्या, तेव्हा आई उघड्या कपाळानं चुलीपुढे बसून सगळ्यांसाठी घावनं काढत होती. एकही करपू दिलं नाही तिनं. नवं लुगडं तिनं घडीसुद्धा न मोडता ट्रंकेत टाकलं.

दिवाळीला तुम्ही आलात, पँट-शर्टात, गुळगुळीत दाढी करून. सगळं ऐकलंत आणि हसलात. "हात्तिच्या, त्या फोटोवरनं व्हय? अगो, पेपरवाल्यांचा चाळा तो." मग ओटीवर बसून तो मजकूर मराठीत सांगून वाडीला हसवलंत. आत आई कुंकवाचा करंडा हातात धरून उभी होती, हे तुम्ही पाहिलंत तरी का? कुंकू तिनं परत लावलं, पण ओवशाचं सूप मरेपर्यंत पुन्हा धरलं नाही. बायका बोलवायला यायच्या, ती म्हणायची, "माजा झाला ओवसून." तुम्ही तिची माफी मागितली नाहीत, आबा. एका शब्दानं नाही.

हे सगळं मी आयुष्यभर मनातल्या मनात तुम्हाला सुनावत आले. पण एक गोष्ट त्यातून कायम गाळली. मोठी काकू आधी म्हणाली होती, "सोंग असंल काय तरी." मग पान माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू शाळंत जातीस. काय लिवलंय गो?" मी तिसरीत होते. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. सगळी ओटी माझ्याकडे बघत होती आणि मला येत नाही म्हणायची लाज वाटली. ओळीवर बोट ठेवून मी शाळेतल्या धड्यासारखं खणखणीत वाचलं, "यांनी घर सोडून संन्यास घेतला आहे."

दिवाळीत हसता हसता तुम्ही विचारलंत, "पण संन्यास कोन बोलला? हितं तर तसं नाय लिवलेलं." मी दाराआड होते. आई म्हणाली, "चित्र बघून वाटला आमाला." माझं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही, नंतरही नाही.

हे पत्र वहीतच राहणार आहे. तुम्ही तिची माफी मागितली नाहीत म्हणून तुम्हाला एवढं बोलले. मीही मागितली नाही.