तेरा फांद्या आणि एक गहाळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, त्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, पण मनापासून.) तुझी कंबर कशी आहे? सामान बांधताना वाकू नकोस. भांड्यांच्या खोक्यांना तर हातच लावू नकोस. जावयाला वाकू दे, त्याला तसंही पोट कमी करायचंच आहे. इकडे आम्ही दोघं ठीक. हिचा खोकला गेला. माझा गेला नाही, पण माझ्या खोकल्याकडे लक्ष द्यायला या घरात वेळ आहे कुणाला!

तू म्हणशील, फोन हाताशी असताना हा कशाला पत्र खरडत बसलाय. तर त्याचं कारण तूच आहेस. फोनवर मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी तू ‘काय केलंस?’ असं विचारतेस. लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हाही तू माझं तोंड न बघता, दाराआडून नुसता आवाज ऐकून ओळखलं होतंस. (ती काच मी फोडलीच होती, पण प्रश्न तो नाही.) आज मला सगळं सविस्तर, क्रमाने आणि माझ्या बाजूने सांगायचं आहे. मधेच कुणी ‘काय केलंस?’ म्हटलं की माझा क्रम चुकतो. म्हणून पत्र.

आईच्या गुलाबाच्या फांद्या लागल्या का, असं तू विचारलंस. तर फांद्यांची परिस्थिती समाधानकारक आहे. (हा शब्द मी कारखान्यात एकतीस वर्षं वापरला आणि त्याचा नेमका अर्थ कुठल्याही साहेबाने विचारला नाही. तूही विचारू नयेस.) घर विकलं गेलं, नव्या मालकाला गुलाबाच्या जागी दोन गाड्या उभ्या करायच्या आहेत, महिनाअखेरीला कुंपणाची भिंत पडणार आणि तिच्यासोबत झाडही जाणार, तू लेकीकडे अकराव्या मजल्यावर राहणार जिथल्या खिडक्या उघडतच नाहीत, हे सगळं माझ्या लक्षात आहे. ‘आईचा गुलाब आता तुझ्याकडेच जगला तर जगला, नाहीतर संपला,’ हे मी निघताना तू मला तीनदा ऐकवलंस. मला एकदा सांगितलेलंही कळतं. दोनदा जास्तीचं होतं.

आधी एक तक्रार नोंदवतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देताना तू म्हणालीस, ‘चौदा आहेत, सांभाळ.’ घरी आल्यावर चपला काढल्या, हात धुतले, टेबलावर मांडून मोजल्या, तर तेरा. पुन्हा मोजल्या, तेरा. टेबलाखाली बघितलं, पिशवी उलटी करून झटकली. हिला विचारलं तर ही म्हणाली, मला काय माहीत, तुमच्या बहिणीने दिल्या, तुम्ही आणल्या. मी वहीत लिहून ठेवलं, ‘तेरा हजर, एक गहाळ’. तुझं वय झालं ताई, चौदापर्यंत मोजताना होतं असं. मला राग नाही.

आता पुढचं कळण्यासाठी माझं काम काय होतं ते तुला एकदा समजून घ्यावं लागेल. तू सगळ्यांना सांगायचीस, भाऊ बादल्यांच्या कारखान्यात आहे. ऐकणाऱ्याला वाटायचं हा दारोदार बादल्या विकतो. मी तपासनीस होतो. बादली समोर आली की तिची कडी धरायची आणि जोर लावून ओढायची. कडी हातात आली तर बादली नापास, पोटावर लाल फुली. नाही आली तर पास. दिवसाला चारशे. कामगार मला माझ्यामागे खेचसाहेब म्हणत. (माझ्यासमोर नुसतं साहेब.) नापास माल आम्हाला फुकट मिळे, त्यातल्या तीन बादल्या अजून आमच्या मागच्या गॅलरीत लाल फुल्या मिरवत पडल्या आहेत. त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही. एकदा नापास केलेलं पुन्हा बघायचं नाही, हा माझा नियम. सांगायचा मुद्दा हा, की एखादी वस्तू घट्ट बसली आहे की नाही हे ओढल्याशिवाय कळत नाही. फांदीला मूळ फुटलं की नाही हे ओळखायची दुसरी कुठली परीक्षा असेल तर ती मला कुणीतरी दाखवून द्यावी.

पहिल्या चार फांद्या मी पाण्यात ठेवल्या, काचेच्या चार पेल्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीत. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा प्रत्येक फांदी बाहेर काढायची, टोक भिंगाखाली धरायचं, वहीत ‘मूळ नाही’ लिहायचं, परत पाण्यात. इतकी निगा तर आईनेही माझी राखली नव्हती. बाराव्या दिवशी टोकं काळी पडली, पाणी बुळबुळीत झालं आणि स्वयंपाकघरात असा वास सुटला की हिने ते चारही पेले एका चिमट्याने उचलून बाहेर नेले. पाहुण्यांचे पेले होते म्हणे. आमच्याकडे पाहुणे येऊन तीन वर्षं झाली.

पुढच्या चार फांद्यांचं श्रेय एका गृहस्थाला जातं. तो फोनवर दिसतो. दात पांढरेशुभ्र, नखं स्वच्छ, हाताला आयुष्यात कधी मातीचा कण लागलेला नाही. त्याने सांगितलं, बटाट्याला भोक पाडा, त्यात गुलाबाची फांदी खुपसा, बटाटा कुंडीत पुरा, एकवीस दिवसांत मुळंच मुळं. हे बेचाळीस लाख लोकांनी पाहिलं आहे. एकाच वेळी इतके लोक मूर्ख असू शकतील हे तेव्हा मला सुचलं नाही. मी चार चांगले गोल बटाटे निवडले (ही बघत होती, काही बोलली नाही, तिचं न बोलणं तुला माहीत आहे), भोकं पाडली, फांद्या खुपसल्या, पुरल्या. एकविसाव्या दिवशी कुंड्या हिरव्यागार! मी धावत जाऊन हिला हाताला धरून आणलं. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, बटाटे लागले. चारही लागले होते. मधोमध तुझ्या फांद्या काडीसारख्या वाळून उभ्या. ओढल्या तर बटाट्यासकट हातात आल्या. तरीही हिने ते बटाटे परत पुरले, त्यांना ती रोज पाणी घालते आणि जिन्यात भेटणाऱ्या सगळ्यांना सांगते, यांच्या हाताला गुण आहे.

राहिल्या पाच. त्या मात्र शास्त्रशुद्ध लावल्या. पेन्सिलीइतकी जाड फांदी, कोंब फुटतो त्या डोळ्याखाली तिरपा छेद, खालची पानं काढलेली, अर्धी वाळू अर्धी माती, वरून पाण्याची बाटली कापून उपडी घातलेली, उन्हापासून लांब. नवव्या दिवशी कोवळी लालसर पानं फुटली. तुला जो फोटो पाठवला तो याच दिवसाचा, आणि तो शंभर टक्के खरा होता. त्याबद्दल तुला मला एक शब्द बोलता येणार नाही. त्या आनंदात मी पाचही फांद्या जरा ओढून बघितल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढच्या आठवड्यात पानांनी माना टाकल्या आणि चार फांद्या हातात आल्या, खाली गुळगुळीत, मुळाचा पत्ता नाही.

मग त्या चार घेऊन मी रोपं विकणाऱ्या बाईकडे गेलो. ही बाई चौकातल्या रोपवाटिकेत उलट्या पाटीवर बसलेली असते आणि गिऱ्हाईक आलं की तिला त्रास होतो. तिने फांद्या बघितल्या आणि म्हणाली, पानं बघून नाचलात ना? फांदी आधी अंगातलंच खाऊन पानं काढते. मुळं धरली तर पुढे जगते, नाहीतर असलेलं संपलं की बसते. (असली माणसं आपल्याही नात्यात आहेत. नाव घेत नाही, कारण हे पत्र तुझ्या लेकीकडे मोठ्याने वाचलं जाईल.) मग तिने विचारलं, दिवसातून किती वेळा ओढून बघता? मी म्हटलं, दोनदाच. रविवारी तीनदा. तिने माझ्या हातांकडे बघितलं. ‘काका,’ ती म्हणाली, ‘पोर झोपलंय का हे बघायला त्याला गदागदा हलवता का? हात खिशात ठेवा.’ आता घरच्या पायजम्याला खिसे नसतात, हे तिला कोण सांगणार.

तरी मी ऐकलं. शेवटच्या फांदीला तीन दिवस हात लावला नाही. मला घास गोड लागेना. चौथ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य भेटले. निवृत्त आहेत, त्यामुळे सल्ला फुकट आणि भरपूर. म्हणाले, मुळांबद्दल त्या बाईला काय कळतं, चाळीस वर्षं मी मुळंच बघितली. मी म्हटलं, पण न ओढता बघायचं आहे. ते म्हणाले, अहो, त्यासाठी तर उपकरणं असतात. संध्याकाळी आपला लहानसा आरसा, टोचणी आणि कपाळावरचा दिवा घेऊन हजर. कुंडी टेबलावर घेतली, माती बाजूला केली, आरसा आत घातला आणि म्हणाले, सूज आहे. फांदीच्या टोकाला पांढरी, खडबडीत गाठ आली होती. त्यांनी फांदी अलगद उपटली (उपटण्यात त्यांचा हात खरोखर हलका आहे, मला दुखलंसुद्धा नाही), टोचणीने ती गाठ खरवडून स्वच्छ केली आणि फांदी परत लावून म्हणाले, आता दोन दिवस फक्त पातळ द्या. मी रोपवाटिकेत जाऊन त्या बाईला ही प्रगती सांगितली. ती पाटीवरून उठून उभी राहिली. मी तिला प्रथमच उभी पाहिली. मुळं त्या गाठीतूनच फुटतात म्हणे. दंतवैद्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. ते रोज भेटले की पेशंट कसा आहे असं विचारतात, आणि मी म्हणतो, समाधानकारक.

तर असं आहे सगळं. काळजी करू नकोस, सामान नीट बांध, औषधं वरच्या पिशवीत ठेव. जावयाला माझा आशीर्वाद आणि वाकताना गुडघ्यात वाक म्हणावं.

तुझा आज्ञाधारक भाऊ
(आज्ञा लक्षात ठेवतो या अर्थाने)

ता. क. : ताई, एकही उरलेली नाही. वर लिहिताना धीर झाला नाही. भिंत पडायच्या आत आणखी आठ फांद्या पाठव, कुरियरने पाठव, काहीही कर. आई गेली तेव्हा तू तिच्याजवळ होतीस आणि मी बादल्या ओढत होतो. तिचं झाडही माझ्या हातून जाणार या विचाराने मला हल्ली जेवण जात नाही. हिला मात्र यातलं काही बोलू नकोस, ती चिडवते.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, तेवढ्यात चार ओळी लिहिते. फांद्या चौदाच होत्या. हे दारात चपला काढत होते तेव्हा एक मी उचलली. मागच्या गॅलरीत फुली मारलेली बादली घेतली, तळाला भोकं पाडली आणि तिच्यात लावली. त्या बादल्यांकडे हे बघत नाहीत. विशेष काही केलं नाही, दोन दिवसांआड पाणी घातलं आणि विसरून गेले. आता सात पानं आहेत आणि तळाच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर आलेलं दिसतं. ओढावं लागत नाही, दिसतं. सासूबाई मला त्या झाडाला हात लावू देत नसत, तुझा हात जड आहे म्हणायच्या. तुम्ही तिथेच होतात, हसला होतात. असो. यांना सांगू नका, आणि फांद्याही पाठवू नका. एकेक मेली की हे दोन दिवस गप्प होतात आणि मग खोकतात. झाड जरा मोठं झालं की मीच दाखवीन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : ताई, पाकीट नीट चिकटलं आहे का हे बघायला मी त्याचं तोंड जरा ओढलं, तर उघडलं. (नापास. हिला सांगू नकोस.) तुझी मोजणी बरोबर होती, वर तुझ्या वयाबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. मागच्या गॅलरीत जाऊन आलो. सात नाही, आठ पानं आहेत. आठवं अजून मिटलेलं आहे म्हणून हिने धरलं नसेल. बराच वेळ उभा राहिलो. दोन्ही हात पाठीमागे, आणि उजवा हात डाव्याने घट्ट धरून. ओढलं नाही. शपथ. मला कळलंय हे हिला कळू देऊ नकोस, तिचं तिला दाखवू दे. पण फांद्या मात्र पाठव, आठच्या आठ, उद्याच्या उद्या. त्यातली एकही लागणार नाही हे मलाही माहीत आहे. पण मला सकाळ-संध्याकाळ ओढायला काहीतरी लागतं ताई, आणि ती बादली इथून बारा पावलांवर आहे.