पाइनचा पिवळा धुरळा आणि तुम्ही दिलेली पोपटी साडी

ती. वन्सं,

त्या सकाळी मी कुरडयांचा चीक घाटत होते, मागे दूध तापत होतं, कपड्यांचं मशीन शेवटच्या फेऱ्याला थरथरत होतं, आणि तुमचे भाऊ मागच्या जाळीच्या ओसरीत चहाची वाट बघत बसले होते. (बघा, नमस्कार राहिलाच. पायांवर डोकं ठेवलं असं समजा. माझे गुडघे हल्ली कागदावरच वाकतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं असं मिहीर म्हणाला. आता तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत असणार, म्हणून अक्षर जपून काढते आहे.) त्या सकाळीत विशेष काही नव्हतं. हे हयात असताना लंडनच्या या पिनरमधली मे महिन्याची प्रत्येक सकाळ तशीच असायची, म्हणून तर ती आठवते.

ओसरी तुम्ही फोटोत पाहिली आहे. सांगलीच्या घरात ज्यांनी कधी खिळा ठोकला नाही (हे तुमचंच म्हणणं), त्यांनी हॉस्पिटलमधून रिटायर झाल्यावर ती स्वतःच्या हातांनी बांधली. लाकडी चौकट, तीन बाजूंना डासांची जाळी. बांधून झाल्यावर मी म्हटलं, अहो, इथे डासच नाहीत. ते म्हणाले, "बघ, जाळी किती चांगली बसली आहे." जन्मभर लोकांना भूल दिलेल्या माणसाशी वाद घालू नये.

डास नसले तरी पाइन आहे. शेजारच्या मार्गारेटबाईंच्या बागेत त्याचं उंच झाड आहे, आणि मे सरता सरता ते असे पराग सोडतं की जेजुरीला भंडारा उधळल्यासारखं सगळं पिवळं होतं. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. त्याच्या एकेका कणाला वाऱ्यावर तरंगायला दोन हवेच्या पिशव्या असतात म्हणे. डासांसाठी केलेली जाळी त्यांना उघड्या दारासारखीच.

आता मूळ गोष्ट. मिहीर दर शनिवारी स्लाऊहून येतो, बाग आवरतो आणि शिंकतो. यंदा त्याने ठरवलं की ओसरी पाडायची आणि तिथे काचेची बंद कन्झर्व्हेटरी करायची. शिंका पाइनमुळे येतात, असं त्याचं निदान. (पुस्तक म्हणतं, पाइनच्या परागांनी सहसा शिंका येत नाहीत, गवताच्या परागांनी येतात. आणि माझं गवत तो दर शनिवारी मोठ्या भक्तिभावाने कापतो. हे मी त्याला सांगायला तोंड उघडलं, तर ईशानीने डोळ्यांनीच मला "राहू द्या" म्हटलं. सून शहाणी आहे. गवत फुकट कापून मिळतं हे तिला कळतं.) शेवटी असं ठरलं की पुढच्या शनिवारी काचवाला माप घ्यायला येईल, आणि तोवर मी धुरळा आत येणं थांबवून दाखवलं तर ओसरी राहील.

मला आपल्याकडचे वाळ्याचे ओले पडदे आठवले. इथे वाळा कुठून आणू? पण कापड ओलं ठेवलं तर धूळ त्याला चिकटेल, एवढं शहाणपण होतं. तीन बाजू झाकायच्या तर कापड लांब हवं. घरात तेवढं लांब एकच होतं, तुम्ही माझ्या साठीला दिलेली पोपटी नऊवारी. (ती मी सणाला काढते असं लिहिलं होतं ते खरंच आहे. सणाला काढते, बघते, आणि दुसरी नेसते.) साडी भिजवली, चिमट्यांनी जाळीवर लावली, सकाळ-संध्याकाळ होजपाइपने पाणी मारलं. मार्गारेटबाईंनी कुंपणावरून विचारलं, कोणता सण? मी म्हटलं, वाळवण. दुसऱ्या दिवशी त्यांनी "हॅपी वाळवण" असं लिहिलेलं कार्ड दारातून आत टाकलं. आता दर वर्षी साजरा करावा लागणार.

आणि वन्सं, धुरळा थांबला हो. साडीचा पोपटी रंग जाऊन ती पिकलेल्या आंब्यासारखी झाली, पण आत टेबल स्वच्छ, खुर्ची स्वच्छ. फक्त ओसरीत घातलेल्या यंदाच्या कुरडया वाळेनात. ओल्या साडीच्या दमटपणात त्या तशाच मलूल पडून राहिल्या. म्हणून मी साडीचा एक काठ वर केला, ऊन येऊ दे म्हणून, आणि जेवायला गेले. परत आले तर कुरडया पिवळ्या. टाकवेनात. तळल्या आणि हॅरोला मराठी मंडळाच्या बायकांना नेल्या. वरदाबाईंनी विचारलं, केशर किती घातलंत? मी म्हटलं, अंदाजाने.

शनिवारी काचवाला आला. काळी पँट, हातात टॅबलेट, फार सभ्य माणूस. तो माप घ्यायला वाकला की साडीचं पाणी टॅबलेटवर टपकायचं. शेवटी तो पुसायला म्हणून तुमच्या भावांच्या खुर्चीत बसला. ती काठ वर केलेल्या बाजूलाच होती. मला दिसत होतं, मी बोलले नाही. उठला तेव्हा त्याची पाठची बाजू बघण्यासारखी झाली होती. त्याने दोन कुरडया खाल्ल्या, तिसरी मागितली आणि म्हणाला की कापड काढल्याशिवाय माप होणार नाही, पुढच्या शनिवारी येतो. मिहीर त्याला दारापर्यंत सोडायला गेला आणि त्याच्या मागून चालताना पहिल्यांदाच हसला. मग शिंकला.

परत आल्यावर मात्र त्याने ओल्या साडीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "आई, एवढा खटाटोप करतेस. त्यापेक्षा काच लाव ना, धुरळा कधीच येणार नाही."

मी म्हटलं, "कुरडयांना वारा लागतो."

तुम्हाला सगळ्यांना आशीर्वाद, नव्हे, तुम्ही मोठ्या, तुमचेच आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमची,
शशी

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. मिहीर रविवारी तुम्हाला फोन करील. तो माझं ऐकत नाही, पण आत्याला भितो. त्याला सांगा, आपल्या घराण्यात कर्त्या माणसाने बांधलेली ओसरी पाडत नाहीत. असा रिवाज नाही हे मला माहीत आहे. तुम्ही आवाज लावून सांगितलात की तो होईल. साडीचा विषय मात्र फोनवर काढू नका.

आणखी एक ता. क. तुम्ही विचाराल, धुरळा थांबवता आला तरी शशी मनातून खूश का नाही. तर ऐका. त्या सकाळी, आणि त्या दिवसांतल्या सगळ्याच सकाळी, तुमचे भाऊ टेबलावर साचलेल्या पिवळ्या धुरळ्यात बोटाने लिहायचे, "चहा?" मी कप आणायचे आणि ओल्या फडक्याने ते पुसून टाकायचे, वर कुरकुरायचे की तोंडाने मागता येत नाही का. साडी लावल्यापासून टेबल इतकं स्वच्छ राहिलं की मला तिथे बसवेना.

पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून हे आज लिहिते. आज सकाळी मी साडी जाळीवरून काढली, धुतली आणि आत वाळत घातली. मग टेबल न पुसता ओसरीत बसून चहा घेतला.