भास्करला पिस्तूल मिळणार नाही

मी, सुनीती यतिन खांबेटे, वय चौसष्ट, निवृत्त रेडिओग्राफर, राहणार क्वेकर्स हिल, सिडनी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागाला दाखल्याची गरज नाही. माझा धाकटा भाऊ भास्कर हयात आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. कोविडमुळे ती दोनदा पुढे गेली. असल्या शस्त्रक्रियेला इथे ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात, जणू मी हौसेने छाती फाडून घेते आहे. तेव्हा लिहून ठेवलेले बरे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक माझी एकुलती एक मुलगी सुरुची हिला मिळावी. घर तिने विकावे, भाड्याने द्यावे, वाटल्यास जांभळे रंगवावे. भास्करमामाच्या सल्ल्याने मात्र यातले काहीही करू नये.

कलम २. माझ्या कैलासवासी पतीची ड्रिल मशीन, करवती आणि पाने माझी मैत्रीण मेधा हिच्या यजमानांना, म्हणजे शिरीषना, द्यावीत. ‘उद्या परत करतो’ म्हणून नेलेली ही हत्यारे कित्येक वर्षे त्यांच्याच गराजमध्ये आहेत. मी मागून थकले.

कलम ३. माझ्या नावावर नेमबाजीचे एक पिस्तूल आहे. पॉइंट टू-टू, लांब नळीचे, जड, सेकंडहँड. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती. यतिन गेल्यावर घर खायला उठले, म्हणून इथल्या क्लबात नाव घातले. ते पर्समध्ये मावत नाही आणि कागदाला भोके पाडण्यापलीकडे त्याने काही केलेले नाही.

भास्कर टूनगॅबीला राहतो. लॉकडाउनमध्ये घरी बसून त्याने अमेरिकन व्हिडिओ पाहिले आणि त्याला साक्षात्कार झाला की आपल्या लोकांनी कंबरेला पिस्तूल बाळगावे. छोटे, शर्टाखाली दिसणार नाही असे आणि परवडणारे. तीन नावे काढून त्याने मला विचारले, यातले कुठले घ्यावे. मी सांगितले, बाबा रे, इथे स्वसंरक्षणासाठी म्हणून पिस्तूल कोणाला देत नाहीत, लपवून बाळगलेस तर तुरुंगात जाशील, आणि इतक्या आखूड नळीचे तर आमच्या क्लबातही चालत नाही. शिवाय पिस्तूल जितके लहान तितके ते हातात जास्त उसळते आणि नेम धरणे तितके अवघड. वर्षानुवर्षे दर शनिवारी सराव करून माझा हात अजून हलतो. याला नारळ फोडायला शेजारी बोलवावा लागतो. त्यावर त्याचे उत्तर, “ताई, लेक्चर नको, तू फक्त चॉइस सांग.” मिक्सर घ्यायचा होता जणू.

गेल्या वर्षी दसऱ्याला हा शहाणा माझ्याकडे आला. मी पाटावर दरवर्षीसारखी विळी, शिवणयंत्राची कात्री आणि सुरुचीचा स्टेथोस्कोप मांडला होता. मी पुऱ्या तळत असताना याने सुरुचीकडून पिस्तुलाच्या सेफची चावी मागून घेतली, शस्त्रपूजा म्हणून पिस्तूल पाटावर ठेवले, त्यावर हळदकुंकू वाहिले आणि फोटो सगळ्या खानदानाला पाठवला. पुण्याहून नमस्कार आले. मी पुऱ्या टाकून आधी ते कुलपात घातले आणि याला घराबाहेर काढले. त्या दिवसापासून चावीची जागा मी बदलली.

सुरुची नर्स आहे. या जुलैत शिफ्टवरून येताना स्टेशनवर एका माणसाने तिचा युनिफॉर्म आणि रंग पाहिला, ‘रोग घेऊन आलीस, परत जा’ म्हणाला आणि तिच्यावर थुंकला. त्या माणसाचे तळपट होवो. हे वाक्य वकिलाने गाळू नये. तेव्हापासून पोर झोपत नाही. दिवा चालू ठेवून भिंतीकडे बघत पडते. अशा मुलीला डॉक्टरकडे न्यावे, तर मामाने तिला छोट्या पिस्तुलांचे व्हिडिओ पाठवले.

शुक्रवारी दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी त्याचा पुन्हा फोन आला. मी तो आपटला. सुरुची सिंकपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, सेफची चावी हल्ली कुठे ठेवतेस?”

“कशाला?”

“जस्ट विचारतेय.”

तिला ती कोणा दुसऱ्यासाठी नको होती, हे मला तिच्या आवाजावरून कळले. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

म्हणून या कलमात मी आधी लिहिले होते की माझ्या अंत्यविधीआधी पिस्तूल पोलिसांच्या ताब्यात द्यावे. आज सकाळी ते वाक्य खोडले. माझ्या मरणाची वाट कशाला बघायची? पोलिसांना आधी फोन केला आणि ते आम्ही दोघींनी नेऊन दिले. परतताना गाडीत मी तिला स्पष्ट विचारले, जीव द्यायचे मनात आहे का. तिने गाडी कडेला घेतली, खूप रडली आणि हो म्हणाली. तिथूनच डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. मी सोबत जाणार आहे.

कलम ४. भास्करला पूजेचा पाट द्यावा. पुढच्या दसऱ्याला त्याने त्यावर आपला मोबाइल ठेवून पूजा करावी. त्याचे शस्त्र तेच, आणि त्याने केलेली जखम मी पाहिली आहे.

कलम ५. या सर्वाची अंमलबजावणी मेधाने करावी. तिला कोणाचीही भीड पडत नाही.

साक्षीदारांना सूचना: सुरुची दुपारपासून दिवाणखान्यात झोपली आहे, आणि दिवा तिने स्वतः बंद केला आहे. कृपा करून बेल वाजवू नये. बाजूच्या फाटकातून मागच्या अंगणात यावे. सह्या तिथेच करू, आणि बोलायचे ते हळू.

सही: सुनीती यतिन खांबेटे

आम्हा दोघांच्या देखत सुनीतीबाईंनी वरील सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही आमच्या केल्या.
साक्षीदार १: विनिता साठ्ये, शेजारीण
साक्षीदार २: निमिष दाबके, क्लबचे सभासद

स्थळ: मागचे अंगण, क्वेकर्स हिल
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२१